शोधयंत्रातील वाइल्डकार्ड व पदबंध-पृच्छा : निष्फळ शोधाची कारणमीमांसा

मोठ्या ग्रंथसंग्रहाचा संगणकीय शोध घेणाऱ्या अभ्यासकाला जी उत्तरे मिळतात, त्यांतील सर्वांत धोक्याचे उत्तर म्हणजे 'शून्य'. अप्रस्तुत उदाहरणे पुढे आली तर ती वाचून बाजूला सारता येतात. परंतु जे उदाहरण पुढे आलेच नाही, ते तपासण्याचा मार्गच उरत नाही. अमुक शब्द अमुक काळापूर्वी आढळत नाही, अमुक लेखकाने ही शब्दयोजना कोठेही केलेली नाही, अशी अभावात्मक विधाने कोशकार्यात, भाषेच्या इतिहासात आणि पाठचिकित्सेत शोधयंत्राच्या आधारे करण्याचा मोह सहज होतो. अशा वेळी हाती आलेले शून्य संग्रहाचे आहे की पृच्छेचे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. तो पुराव्याच्या ग्राह्यतेचा प्रश्न होतो. हा प्रमाद ज्या दोन पृच्छाप्रकारांत अधिक संभवतो, त्या वाइल्डकार्ड-पृच्छा व पदबंध-पृच्छा यांच्या दोषांचे स्वरूप आणि निदानाची पद्धती यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणे मराठी ग्रंथसंग्रहाची असून यंत्रणा ल्यूसीन या प्रणालीची गृहीत धरली आहे. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये रचलेली ही मुक्त प्रणाली २००१ मध्ये अपाचे प्रतिष्ठानाकडे आली, आणि सोलर व इलॅस्टिकसर्च ही दोन्ही शोधयंत्रे तिच्याच पायावर उभी आहेत.

१. सूचीचे स्वरूप

शोधयंत्र पृच्छेच्या वेळी मूळ ग्रंथ वाचीत नाही. ग्रंथ संग्रहात दाखल होतानाच त्याचे पदांत विभाजन केले जाते आणि प्रत्येक पदापुढे ते कोणत्या लेखात, कितव्या स्थानी आले याची नोंद ठेवली जाते. हिला व्यस्त सूची म्हणतात. विभाजनाचे, काही पदे गाळण्याचे आणि उरलेल्यांना प्रमाणरूप देण्याचे कार्य करणाऱ्या घटकास विश्लेषक अशी संज्ञा आहे. वैदिक परंपरेतील उपमा वापरावयाची तर, यंत्रापुढे संहिता नसते. त्याने स्वतः तयार केलेला पदपाठ असतो. पदपाठात जे रूप नाही ते संहितेत कितीही वेळा येवो, यंत्राच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नाही. पुढे येणारे बहुतेक दोष या एका गोष्टीच्या विस्मरणातून उद्भवतात.

पदांची यादी वर्णानुक्रमे लावलेली असते. ब्लूमफील्ड यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वैदिक चरणसूचीत चरणाचा आरंभ ठाऊक असेल तर तो क्षणात सापडतो, केवळ शेवट ठाऊक असेल तर संपूर्ण ग्रंथ चाळावा लागतो. यंत्राच्या पदयादीचीही हीच मर्यादा आहे.

२. वाइल्डकार्ड-पृच्छेचे दोष

वाइल्डकार्ड-पृच्छेत दोन चिन्हे वापरतात : तारका (*) म्हणजे शून्य किंवा अधिक संकेतचिन्हे, आणि प्रश्नचिन्ह (?) म्हणजे नेमके एक संकेतचिन्ह. ही चिन्हे पदाला लागू होतात, वाक्याला नव्हे. 'महाराष्ट्र*इतिहास' अशी पृच्छा दोन शब्दांमधील अंतर ओलांडत नाही; ती 'महाराष्ट्र'ने आरंभ होऊन 'इतिहास'ने संपणारे एकच पद शोधते.

पहिला आणि वारंवार घडणारा दोष मूलरूपकरणातून येतो. विश्लेषक प्रत्यय काढून टाकणारा असेल तर 'पुस्तकांचा', 'पुस्तकात' या रूपांऐवजी सूचीत केवळ 'पुस्तक' हे पद उरते. साध्या पृच्छेवरही हीच प्रक्रिया होत असल्याने तेथे अडचण येत नाही. परंतु वाइल्डकार्ड असलेले पद अपुरे असल्यामुळे यंत्र त्यावर मूलरूपकरण करीत नाही. अलीकडच्या आवृत्त्या वर्णांचे प्रमाणीकरण तेवढे करतात. परिणामी 'पुस्तकां*' ही निर्दोष दिसणारी पृच्छा शून्य देते, कारण सूचीत 'पुस्तकां'ने आरंभ होणारे एकही पद शिल्लक नसते. उपाय असा की, एकच मजकूर दोन क्षेत्रांत नोंदवावा : एकात मूलरूपे, दुसऱ्यात यथामूल रूपे, आणि वाइल्डकार्ड नेहमी दुसऱ्या क्षेत्रावर चालवावे.

दुसरा दोष मराठीच्या सामान्यरूपाचा आहे. येथे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे अंगच बदलते. 'देऊळ*' ही पृच्छा 'देवळात', 'देवळाचा' यांपर्यंत पोहोचत नाही; 'पुणे*' ही 'पुण्यात'ला स्पर्श करीत नाही; 'मूल*' ही 'मुलाला' वगळते. अंग ज्या ठिकाणी बदलते त्याच्या मागे छेद घ्यावा, हा नियम सुचतो. पण त्याचीही किंमत मोजावी लागते. 'पुण*' लिहिले की 'पुण्य' आणि 'पुण्याई' ही पदेही येतात, आणि 'पुण्याचा' हे रूप तर शहराचेही असू शकते व सुकृताचेही. 'दे*ळ*' लिहिले तर देवळांबरोबर 'देशमुखांजवळ' हेही पद हाती येते. म्हणून एक सैल पृच्छा करण्यापेक्षा 'देऊळ*' आणि 'देवळ*' असे दोन स्वतंत्र पर्याय जोडणे अधिक हितावह ठरते.

तिसरा दोष प्रश्नचिन्हाच्या अर्थाविषयी आहे. वाचणारा अक्षर मोजतो, यंत्र संकेतचिन्ह मोजते. 'पाणी' या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. संकेतनात ती चार चिन्हे आहेत : प, काना, ण, वेलांटी. त्यामुळे 'पा?' या पृच्छेत 'पाट' सापडतो, 'पाणी' सापडत नाही, 'पा??' लिहिल्यास 'पाणी' येते, त्याबरोबर 'पाऊल'ही येते. याच चिन्हाचा एक अनपेक्षित परिणाम नैसर्गिक वाक्य टंकित करणाऱ्यांना भोगावा लागतो. 'मराठी कोठून आली?' असे लिहिल्यास यंत्र शेवटचे चिन्ह विरामचिन्ह मानीत नाही. ते 'आली'नंतर आणखी एक चिन्ह असलेले पद शोधते. म्हणजे 'आलीस' चालते, 'आली' चालत नाही.

चौथा दोष आरंभीच्या तारकेचा. ग्रामनामांच्या अभ्यासकाला '*वाडी' किंवा '*गाव' अशी पृच्छा साहजिकच हवी असते. परंतु पदयादी आरंभानुसार लावलेली असल्याने येथे संपूर्ण यादी चाळावी लागते. म्हणून ल्यूसीनचा रूढ पृच्छावाचक आरंभीची तारका मूलतः नाकारतो. ती परवानगी देता येते, तथापि संग्रह मोठा असल्यास प्रत्येक पद उलटे लिहून त्याची वेगळी नोंद ठेवणे हा उत्तम मार्ग होय. शेवट हा मग आरंभ होतो, आणि शोध सुलभ होतो.

पाचवी गोष्ट विस्ताराची. वाइल्डकार्ड-पृच्छा जेथे प्रत्यक्ष पदांच्या विकल्पांत उलगडली जाते, तेथे विकल्पांची पूर्वयोजित मर्यादा १०२४ आहे. ती ओलांडल्यास शोध थांबून त्रुटीचा संदेश येतो. हा संदेश दिसणे इष्टच, कारण तो दोष निदान लपत नाही. अन्य पद्धतीत सर्व उत्तरांना समान गुण दिले जातात. अशा वेळी उत्तरांचा क्रम महत्त्वाचा निदर्शक नसतो; पहिली दहा उदाहरणे वाचून निष्कर्ष काढणे गैर होय.

३. पदबंध-पृच्छेचे दोष

अवतरणचिन्हांत लिहिलेली पदे त्याच क्रमाने आणि लगतच्या स्थानांवर आली पाहिजेत, असा पदबंध-पृच्छेचा अर्थ. येथे प्रथम पाहावयाची गोष्ट अगदी क्षुल्लक आहे : अवतरणचिन्ह कोणते? लेखनप्रणाली आपोआप वळणदार अवतरणे घालतात. रूढ पृच्छावाचक केवळ सरळ दुहेरी चिन्ह ओळखतो. वळणदार चिन्हांत ठेवलेला पदबंध सुट्या पदांची पृच्छा ठरतो आणि हजारो अप्रस्तुत उत्तरे देतो. त्याचप्रमाणे रिकाम्या जागेनंतर लगेच आलेली संयोगरेषा ही निषेधाचे चिन्ह मानली जाते. 'ज्ञान -विज्ञान' या पृच्छेचा अर्थ 'ज्ञान असावे, विज्ञान नसावे' असा होतो.

पदबंधाचा सारा भार स्थानांच्या नोंदीवर असतो. 'आणि', 'व', 'हे' यांसारखी वर्ज्यपदे विश्लेषक गाळतो तेव्हा त्यांची जागा रिकामी ठेवतो. म्हणून "स्वराज्य आणि स्वधर्म" या पृच्छेचा यंत्राच्या दृष्टीने अर्थ 'स्वराज्य, मध्ये कोणतेही एक पद, नंतर स्वधर्म' असा होतो. तिच्यात "स्वराज्य विरुद्ध स्वधर्म" हेही येते, पण "स्वराज्य, स्वधर्म" हे येत नाही. सूची करताना रिकामी जागा राखली आणि पृच्छेत राखली नाही, किंवा याच्या उलट झाले, तर योग्य पदबंधही निसटतो. अव्ययांच्या उपयोगाचाच अभ्यास करावयाचा असेल तर वर्ज्यपदे न गाळलेले क्षेत्र आवश्यक आहे.

शैथिल्याची मात्रा दिल्यास पदांना त्या संख्येइतके सरकण्याची मुभा मिळते. एक मात्रा दिली की "पुण्यातील राजकारण" या पृच्छेत "पुण्यातील स्थानिक राजकारण" हेही येते. दोन मात्रांत लगतची दोन पदे क्रम उलटूनही जुळतात. शैथिल्य वाढविणाऱ्याने क्रमाची हमी सुटते हे विसरू नये. ही मात्रा आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहावी लागते. तरंगचिन्हापुढे देवनागरी '२' लिहिल्यास रूढ पृच्छावाचक त्यास मात्रा मानीत नाही.

छापील ग्रंथांच्या संग्रहात आणखी दोन अडचणी संभवतात. प्रत्येक पृष्ठ स्वतंत्र लेख म्हणून नोंदविले असेल तर एका पृष्ठाच्या अखेरीस सुरू होऊन दुसऱ्यावर संपणारा पदबंध कोणत्याही पृच्छेत सापडत नाही. एकाच क्षेत्रात परिच्छेद वेगवेगळी मूल्ये म्हणून दिल्यास इलॅस्टिकसर्च त्यांच्यामध्ये १०० स्थानांचे अंतर सोडते. तेथेही पदबंध सीमा ओलांडीत नाही. दुसरी अडचण ओळीच्या अखेरीस तोडलेल्या शब्दांची. 'महा-' आणि 'राष्ट्र' अशी फोड सूचीत तशीच गेली तर 'महा*' ही पृच्छा ते स्थळ दाखविते, 'महाराष्ट्र' ही दाखवीत नाही. असे तुकडे सूची करण्यापूर्वीच जोडले पाहिजेत.

४. अवतरणातील तारका

दोन्ही पृच्छा एकत्र करण्याचा यत्न हे तक्रारींचे मुख्य स्थान आहे. "पुणे* राजकारण" असे अवतरणात लिहिल्यास रूढ पृच्छावाचक तारकेला अर्थ देत नाही. अवतरणातील मजकूर विश्लेषकाकडे जातो, विश्लेषक तारकेस विरामचिन्हाप्रमाणे टाकून देतो, आणि उरतो तो केवळ "पुणे राजकारण" हा पदबंध. त्रुटीचा संदेश येत नाही; उत्तर शून्य किंवा अत्यल्प येते, आणि शोधकर्त्यास वाटते की वाइल्डकार्डसह शोध झाला.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, अवतरणातही वाइल्डकार्ड मानणारा ल्यूसीनचा संमिश्र पदबंधवाचक. दुसरा, इलॅस्टिकसर्चमधील पदबंध-पूर्वांग पृच्छा; हिच्यात केवळ शेवटचे पद अपुरे असू शकते, आणि त्या पूर्वांगाची वर्णानुक्रमे पहिली ५० पदेच विचारात घेतली जातात. "छत्रपती शि" अशी पृच्छा केली असता, संग्रह मोठा असेल तर 'शिक', 'शिख', 'शिर' यांनी आरंभ होणारी पदेच ही संख्या भरून काढतात आणि 'शिवाजी' हे पद मर्यादेबाहेर राहते. ही मर्यादा वाढविता येते. पूर्वांग अधिक लांब देणे हा सोपा उपाय. तिसरा, अंतरावर आधारलेल्या पृच्छा. त्यांत प्रत्येक स्थानी पर्याय, पूर्वांग किंवा वाइल्डकार्ड देता येते.

तथापि योग्य वाचक निवडल्याने काम संपत नाही. "पुणे* राजकारण" ही पृच्छा संमिश्र वाचकाला दिली तरी "पुण्यातील राजकारणाचा" हे स्थळ सुटतेच : पहिल्या पदात सामान्यरूप आडवे येते, दुसऱ्यात प्रत्यय. पहिल्या स्थानी 'पुणे*' व 'पुण्या*' हे दोन पर्याय, दुसऱ्या स्थानी 'राजकारण*', क्षेत्र यथामूल रूपांचे, आणि शैथिल्य एक किंवा दोन, अशी रचना केल्यावरच पृच्छा अभ्यासकाच्या मनातील प्रश्नाशी जुळते.

५. देवनागरी संकेतनातून येणारे दोष

काही विश्लेषक केवळ 'अक्षर' या वर्गातील चिन्हे पदात धरतात आणि अन्य चिन्हांपाशी पद तोडतात. यूनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी व उकार ही अक्षरे नसून संलग्न चिन्हे आहेत. अशा विश्लेषकाने 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे होतात. 'पाणी' आणि 'पुणे' या दोहोंचेही 'प' आणि 'ण' असेच तुकडे पडतात व ते शब्द परस्परांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. या विकाराचे लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे : पदबंध-पृच्छा चालते असे भासते, कारण तुकडे लगतच्या स्थानी असतात, पण 'पाण*' अथवा 'मरा*' ही वाइल्डकार्ड-पृच्छा नेहमी शून्य देते. यूनिकोडच्या शब्दसीमा-नियमांवर आधारलेला विश्लेषक वापरल्यास हा विकार नाहीसा होतो.

दुसरा वर्ग डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या भिन्न संकेतनांचा. 'बँक' हा शब्द चंद्रबिंदूचे एक चिन्ह वापरून लिहिता येतो, तसाच चंद्र आणि अनुस्वार अशी दोन चिन्हे वापरूनही. 'ॲ' या वर्णास यूनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये, स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात तो 'अ' आणि चंद्र यांच्या जोडणीने, कधी मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून, लिहिलेला आढळतो. यूनिकोडचे सर्वसामान्य प्रमाणीकरण ही रूपे एक करीत नाही. त्यासाठी संग्रहकर्त्याने स्वतःची समीकरणे द्यावी लागतात.

तिसरा आणि मराठीच्या दृष्टीने नाजूक प्रश्न 'ऱ्य'चा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील अंतर गुरू आणि स्वयंपाकी यांच्यातील अंतर आहे. 'दऱ्या'तील रकार 'ऱ' या स्वतंत्र वर्णाने लिहिला जातो, किंवा साधा 'र', हलन्तचिन्ह आणि अदृश्य जोडचिन्ह यांनीही लिहिला जातो. अदृश्य चिन्हे निरर्थक मानून सरसकट काढून टाकणारे प्रमाणीकरण लावले की दुसऱ्या प्रकारे लिहिलेली प्रत्येक 'दरी' समुद्रात बुडते. म्हणून जोडचिन्हयुक्त रूपाचे 'ऱ'मध्ये रूपांतर प्रथम करावे, आणि अन्य अदृश्य चिन्हांचा लोप त्यानंतर करावा. हा क्रम उलटला तर हानी भरून येत नाही.

मराठीसाठी हिंदीचा विश्लेषक उसना घेण्याचा मोह येथे टाळावा. ल्यूसीनमधील हिंदी प्रमाणीकरण ऱ्हस्व व दीर्घ एक करते, नुक्ता काढते आणि हलन्तचिन्हाचाही लोप करते. त्यामुळे 'दिन' व 'दीन', 'शिर' व 'शीर', 'सुत' व 'सूत', 'पाणि' व 'पाणी' ही युग्मे एकरूप होतात. 'दर्या' व 'दऱ्या' ही दोन्ही 'दरया' होतात. सैल शोधासाठी हे चालेल, शब्दाच्या इतिहासासाठी चालणार नाही.

६. जुन्या मुद्रणाचा प्रश्न

मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या बऱ्याच ग्रंथांत 'नाहीं', 'कांहीं', 'केलें', 'घरांत' अशी रूपे आहेत. आजच्या लेखनाप्रमाणे केलेली "काही नाही" ही पदबंध-पृच्छा त्या ग्रंथांत अयशस्वी होते; आणि हे अपयश कालानुसारी असल्याने विशेष फसवे आहे. एखादा प्रयोग १९६२ नंतर अकस्मात रूढ झाला असा आलेख दिसतो, वस्तुतः बदललेले असते ते लेखन.

वाइल्डकार्डने ही उणीव भरून निघत नाही. 'घरा?त' या पृच्छेत 'घरांत' येते पण 'घरात' सुटते. 'घरा*त' या पृच्छेत दोन्ही येतात, सोबत 'घराण्यात'ही येते. नियमित-अभिव्यक्ती पृच्छेत प्रश्नचिन्हाचा अर्थ वेगळा, म्हणजे 'पूर्वीचे चिन्ह ऐच्छिक' असा आहे, तेथे 'घरां?त' लिहिल्याने नेमकी दोनच रूपे मिळतात. संपूर्ण संग्रहासाठी अनुस्वारलोप केलेले तिसरे क्षेत्र ठेवणे सोयीचे. मात्र आजच्या लेखनात 'घरात' एकवचन आणि 'घरांत' अनेकवचन असल्याने वचनाचा विचार करताना त्या क्षेत्रावर विसंबू नये.

७. निदानाचा क्रम

शून्य उत्तर आले असता तपासणी पुढील क्रमाने करावी. (१) जो शब्द संग्रहात आहे असे छापील प्रतीवरून निश्चित ठाऊक आहे, तो घेऊन पृच्छा करावी. अज्ञात शब्दावर यंत्राची परीक्षा होत नाही. (२) तो शब्द विश्लेषकास देऊन त्याची कोणती पदे होतात ते पाहावे. बहुतेक यंत्रांत ही सोय असते. (३) पृच्छेतील व सूचीतील पद सारखे दिसूनही जुळत नसल्यास दोहोंची संकेतचिन्हे एकेक करून ताडून पाहावीत. (४) यंत्राने पृच्छेचे अंतर्गत रूपांतर काय केले ते वाचावे. गळलेली तारका येथे तत्काळ दिसते. (५) प्रत्येक पद सुटे शोधावे, मग प्रत्येक वाइल्डकार्ड सुटे, मग वाइल्डकार्डविना पदबंध, आणि सर्वांत शेवटी संमिश्र पृच्छा. ज्या पायरीवर ज्ञात उदाहरण नाहीसे होते, तेथे दोष असतो. (६) पदबंध मिळत नसल्यास शैथिल्य वाढवून पाहावे. मोठ्या शैथिल्यात तो मिळाला तर दोष स्थानांच्या नोंदीत आहे, तरीही मिळाला नाही तर पदांत किंवा लेखाच्या सीमेत आहे.

संशोधनात अभावाचे विधान करताना शोधलेली रूपे, वापरलेले क्षेत्र, प्रमाणीकरणाचा प्रकार आणि ज्ञात उदाहरणावर घेतलेली चाचणी यांचा निर्देश करणे म्हणूनच आवश्यक ठरते. हस्तलिखितांच्या आधारे लिहिणारा संपादक कोणत्या पोथ्या पाहिल्या आणि त्यांतील कोणती पाने गहाळ होती हे जसे सांगतो, तशीच ही नोंद आहे. ती असेल तर पुढचा अभ्यासक तीच पृच्छा पुन्हा करून निष्कर्ष पडताळू शकतो. ती नसेल तर 'आढळत नाही' या शब्दांचा अर्थ 'या पृच्छेस आढळले नाही' इतकाच घ्यावा लागतो.